रिफ्लेक्टर धरणारी

दुपारची जेवणं उरकली आणि फोटोग्राफर स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर दोन प्रोग्रॅम शेजारी-शेजारी उघडून बसला. जुना ठेवायचा की नवा, हे एकदाचं ठरवायचं होतं. जुन्यात उजेड-अंधाराची रेघ एकेक टिंब पकडून वाकवावी लागे. नव्यात चार पट्ट्या सरकवल्या की काम फत्ते. पण या खटाटोपाचं खरं कारण शेजारच्या खुर्चीत बसलं होतं, त्याची लेक.

"बाबा, जगाचे फोटो काढलेस. आईचा एकही नाही?"

नव्हता. बायको जाऊन दोन महिने झाले होते. वीस वर्षं ती प्रत्येक फोटोच्या कडेला अंधारात, चेहऱ्यांवर उजेड परतवणारा घडीचा सोनेरी रिफ्लेक्टर धरून उभी राहिली, आणि हा रेघेचं खालचं टोक दाबून तिला काळ्यात बुडवत आला. "बुडव मला. हात मात्र माझेच दुखतात," असं ती चिडवायची. तरी "झालं गं, ठेव खाली" म्हटल्याशिवाय हात खाली घ्यायची नाही.

त्याने एका जुन्या लग्नाची मूळ फाइल दोन्हीकडे उघडली. जुन्यात टिंब वर ओढलं, तर नुसता रवाळ चिखल. नव्यात सावल्यांची पट्टी सरकवली... आधी कोपर दिसलं, मग गाल.

"आई!" लेकीला हुंदका फुटला.

हा पट्टीचा खेळ तर नाही? खात्री करायला त्याने आज सकाळचा फोटो उघडला. गिऱ्हाइकाचा, एकट्याने काढलेला.

ती तिथेही होती. या वेळी जुन्या प्रोग्रॅममध्येसुद्धा. दंड थरथरलेले, चेहरा उतरलेला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत रिफ्लेक्टरचा सोनेरी ठिपका.

"बाबा... हा कधीचा?"

"आजचा."

त्याचं काळीज फाटलं. ती अजून उभीच होती. शेवटच्या दिवशी तो तिच्यापाशी वेळेवर पोहोचला नव्हता, तिला 'झालं' असं कुणी सांगितलंच नव्हतं.

"झालं गं..." तो फोटोकडे झुकला. "ठेव आता खाली."

मागे स्टुडिओच्या कापडी पडद्याआड फट्ट करून काहीतरी मिटलं.

दोघांनी दचकून मागे पाहिलं. परत वळले, तर फोटोच्या कोपऱ्यात नुसती भिंत. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतला ठिपका विझलेला. लग्नाचा फोटो उघडला, तिथेही भिंतच.

"सेव्ह केला होतास ना, बाबा?"

त्याने नुसती मान हलवली. नाही.

पडद्यामागे रिफ्लेक्टर मिटून पडला होता. कडेला, दोन हातांनी धरायच्या जागी, तो अजून कोमट होता.