कवडूजींची तहान

कोराडीहून शहरात येणाऱ्या बसमध्ये मी मांडीवर नर्सिंगची फाईल ठेवून, मला नेमून दिलेल्या रुग्णासाठी, सीनियरचा केअर प्लॅन म्हणजे देखभालीचा आराखडा भराभर उतरवत होते. शेजारचा मुलगा चोरून वाचतोय हे कळत होतं, पण मान वर करायला वेळ कुणाला? शेवटी त्यालाच राहवलं नाही.

"हे कवडूजी अडुसष्ट वर्षांचे न?"

"मग?"

"मग दर दोन तासांनी बाळाले दूध पाजा, असं काहून लिहून राहिल्या तुमी त्यांच्यासाठी?"

मी पान पाहिलं आणि जीभ चावली. सीनियरची पुढची केस बाळंतिणीची होती, दोन पानं चिकटली होती आणि मी मान खाली घालून लिहीतच सुटले होते. पण गप्प बसेन ती मी कसली! दुसऱ्याच्या फाईलीत नाक खुपसणाऱ्यांवर काही इलाज आहे का, तेही बघून ठेवते म्हटलं. तो हसला. आधी डोळे हसले, मग ओठ. मी खिडकीबाहेर बघायला लागले, उगाचच.

अर्ध्या तासानं रामदासपेठेतल्या आमच्या हॉस्पिटलात, हाडांच्या वॉर्डातल्या माझ्या पहिल्याच दिवशी, तोच मुलगा पांढऱ्या गणवेशात समोर उभा! धम्मदीप, तिथला स्टाफ नर्स. आणि माझ्या फाईलवर सही करणारा माणूसही हाच. शनिवारपर्यंत सही झाली नाही तर मला परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि त्या दिवशी बुधवार होता.

वॉर्डात सगळे त्याला ब्रदर म्हणत. मी दुसऱ्याच दिवसापासून सर म्हणायला लागले, यातच काय ते समजा.

बुधवारीच त्यानं फाईल वाचली आणि सही न करताच परत दिली. डॉक्टर आजाराचं नाव लिहितात. नर्सनं लिहायचं ते वेगळं — त्या आजारात या माणसाचं नेमकं काय अडलंय, कशामुळे अडलंय आणि ते कशावरून कळलं. तीन वर्षं मी हे पाठ करून मार्क मिळवले होते.

"हे कोणाचंबी असू शकते," तो म्हणाला. "यात कवडूजी कुठं आहेत?"

कवडूजी सदर भागात चाळीस वर्षं पँट शिवणारे टेलर. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन टांगलेलं, हलायची सोय नाही. आणि पाणी पीत नव्हते. ओठ कोरडे, लघवी गडद, डोकं गरगरायचं, म्हणून सलाईन चाललेलं. मी कारण लिहिलं होतं, वय. धम्मदीपनं स्वतः तीन दिवस नोंदवहीत लिहिलं होतं, 'समजावलं, सहकार्य करत नाहीत.'

राग तर असा आला होता! पण गुरुवारी मी स्टूल ओढून कवडूजींजवळ बसले. त्यांनी माझ्या एप्रनच्या डाव्या खांद्याची शिलाई कशी चुकलीय ते सांगितलं आणि दर थोड्या वेळानं किती वाजले ते विचारलं. दोन वाजता वॉर्डातले मदतनीस चंद्रभान मामा ड्यूटीवर आले, आणि कवडूजी लागोपाठ दोन ग्लास पाणी घटाघटा प्यायले. शुक्रवारी पुन्हा तेच झालं. तेव्हा मी हळूच विचारलं.

ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

"पाणी पेलं का बाटली मांगा लागते. तुमा पोरीबाळींले कशी मांगू वं?"

"धम्मदीप सर आहेत न."

"एवढा शिकलेला पोरगा... हात जोडावे असा. त्याच्या हाती ते देऊ? मामा आपल्या वयाचा, त्याले चालते."

म्हणजे म्हातारा तहानेनं व्याकूळ होत होता, तो केवळ आदरापोटी. मी घरी जाऊन फक्त तीन ओळी लिहिल्या. अंगात पाणी कमी. कारण, लघवीची बाटली मागण्याचा संकोच. पुरावा, मामा आल्यावरच पाणी पिणं. खाली उपाय लिहिला, पडदा ओढावा आणि बाटली हाताशी टांगून ठेवावी, म्हणजे मागायलाच नको.

शनिवारी सकाळी धम्मदीपनं ते पान दोनदा वाचलं. चेहरा उतरला त्याचा. मला वाटलं, गेली माझी परीक्षा. पण तो उठला आणि स्वतः पडदा लावून बाटली टांगून आला. दुपारपर्यंत कवडूजींचा तांब्या रिकामा झाला होता.

दोन वाजता ड्यूटी बदलताना सगळ्या स्टाफसमोर त्यानं इनचार्ज वैदेही सिस्टरांना सांगितलं, की तीन दिवस आपण चुकीचं लिहिलं, कवडूजी पाणी पीत नव्हते त्याचं कारण आपणच होतो, आणि हे सोनिकानं, म्हणजे मी, शोधलं. मग नोंदवहीत तशी नवी नोंद केली आणि खाली सही केली. स्वतःची चूक इतक्या सरळ आवाजात सांगणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. तिथेच, त्या औषधांच्या ट्रॉलीशेजारी, मी त्याच्या प्रेमात पडले. लपवायचं कशाला?

कॉरिडॉरमध्ये त्यानं माझ्या फाईलवर सही केली, शिक्का मारला आणि फाईल माझ्या हातात दिली. मी ती नीट बॅगेत ठेवली, तेव्हा कुठे त्यानं विचारलं.

"आता तुमचं काईच माझ्या हातात नाही न?"

"नाही. काहून?"

"मग विचारतो... उद्या सदरले कॉफी प्यायले याल माझ्यासंगं? बुधवारपासून विचारीन म्हणून राहिलो."

"मग विचारलं काहून नाही?"

"सही माझ्याकडं होती. तुमाले नाही म्हणता आलं नसतं."

त्याचं खरं होतं. आता मला खुशाल नाही म्हणता येत होतं. परीक्षा माझी होती, फाईल माझी होती, आणि तो दोन पावलं मागे सरून, जायला वाट मोकळी ठेवून उभा होता.

"येते," मी म्हणाले. "आणि उद्यापुरतंच नाही."