अकरा-चाळीसचं विमान

"बाबा, अक्काचं तिकीट चुकलंय," नेत्रानं कागद बाबांच्या ताटाशेजारी आपटला.

गुंद गावच्या तेरा वर्षांच्या नेत्राचं डोकं सकाळपासून तापलं होतं. तिची पूर्णिमाअक्का खो-खोच्या राष्ट्रीय शिबिरासाठी निवडली गेली होती. उद्या संध्याकाळी पाचच्या आत दिल्लीत पोहोचली नाही, तर तिची जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. जोयड्याच्या शिवानंद एजंटानं दोन वेगळी तिकिटं काढली होती: उद्या सकाळी दहाला हुबळीहून बेंगळुरू, अकरा-चाळीसला बेंगळुरूहून दिल्ली.

"शिवानंदला इचारलंस न्हवं?" बाबांनी वर पाहिलंही नाही.

"इचारलं. अंतर तीनशे सत्तर किलोमीटर, पंचावन्न मिनिटांत उतरतंय म्हणाला. गुंदच्या पोरांनी मला विमान शिकवू नये म्हणाला."

रामनगरहून सुट्टीला आलेला आतेभाऊ वासू पुढे झाला. "मामा, ते नुसतं हवेतलं गणित हाय. जीप भरंस्तोवर स्टँडवर तास जातो, तो आपण धरतो का न्हाई? विमान उतरायची वेळ तिकिटावरच अकरा-दहा लिवलीय. आन् दिल्लीच्या विमानाला बॅग द्यायची खिडकी तासभर आधी बंद. म्हंजे दहा-चाळीसला. तवा अक्का आकाशातच असंल."

"मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका," बाबा म्हणाले.

नेत्राला असा संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. तिनं आईचा फोन उचलला, स्पीकर लावला आणि धाकट्या मयूरीच्या हातात दिला. मोठ्या बायकांचा आवाज काढण्यात मयूरीचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं.

"शिवानंद का? मी रामनगरची रुक्मिणीबाई. माझ्या लेकीचं विमान बेंगळुरूला अकरा-दहाला उतरतंय. तिथनं अकरा-चाळीसचं दुसरं गावंल का?"

"तिकिटं वेगवेगळी?"

"व्हय."

शिवानंद मोठ्यानं हसला. "बाई, कुठल्या गाढवानं काढून दिली? बॅग घ्यायची, परत द्यायची. तीन तास तरी मधे पाहिजेत."

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी फोन ओढून घेतला. "मी गुंदचा विठ्ठल बोलतोय. ती तिकिटं माझ्या पूर्णिमाची हाईत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आणि घाईघाईनं कागद चाळल्याचा आवाज आला.

तासाभरात शिवानंद नवी तिकिटं घेऊन दारात हजर झाला. आज संध्याकाळीच हुबळीहून बेंगळुरू, रात्री तिथल्या चुलत्याकडे मुक्काम आणि पहाटे दिल्ली. अक्का धावतपळत बॅग भरू लागली.

"विठ्ठलराव, माफ करा. घाईत झालं."

"माझी कशाला मागतोस? मी बी तुझ्यासारखाच, पोरांचं ऐकलं न्हाई." बाबांनी तिघांना पुढे घेतलं. "ह्यांची माग. अक्काला ह्यांनीच दिल्लीला धाडलंय."

शिवानंदनं मान खाली घालून दहा वर्षांच्या मयूरीपासून सुरुवात केली. नेत्राची पाळी आली तेव्हा ती 'असू दे' म्हणाली नाही. तिनं नव्या तिकिटांवरच्या सगळ्या वेळा त्याला मोठ्यानं वाचायला लावल्या, आणि मगच अक्काची बॅग उचलली.