दार उघडू नका

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो, आणि ते मोबाईल पालथे ठेवा. हे ज्याच्यावर गुदरलं, तो माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. जुन्या सिनेमांच्या तुटक्या फिल्म चिकटवायचं त्याचं काम, म्हणून सगळे त्याला चिकट्या म्हणत. स्वभावही तसाच, धरलं की सोडायचा नाही.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचे साडेअकरा. दुसऱ्या दिवशी थिएटरात एका मुक्या सिनेमाचा खेळ होता आणि त्यात एक पाटी कमी होती. मुक्या सिनेमात माणसं नुसते ओठ हलवायची, त्यांचं बोलणं मधेच काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत यायचं. कमी होती ती नेमकी आगीच्या प्रसंगातली. सिनेमाच्या इतिहासात त्या प्रसंगाला मोठा मान. तोवर नट्या छाती धरून धपकन पडायच्या. ही बाई पहिल्यांदा खरोखर मेल्यासारखी मेली, असं पुस्तकं म्हणतात. त्यानंतर ती पडद्यावर दिसलीच नाही. संसारात रमली, असंही पुस्तकंच म्हणतात.

चिकट्यानं थोरल्या बहिणीला घराच्या वरच्या खोलीत बोलावून घेतलं. अक्काचे कान लहानपणीच तापात गेलेले, पण ओठ घडाघडा वाचायची आणि आवाज असा, की दोन घरांपलीकडे ऐकू जावा. प्रसंग दोनदा बघून तिचा चेहरा उतरला.

“‘मालक, दार उघडा,’ म्हणतेय रे ती. ‘कडी खरंच बसलीय. आग खरी आहे.’ आणि तो मेला कंपनीचा मालक कॅमेरा फिरवत बसलाय!”

“उद्या लोक अभिनय बघायला येणारेत, खून नाही,” चिकट्या म्हणाला आणि त्यानं पाटी रंगवली: ‘दार उघडू नका, नाथ! मी सुखाने जळेन.’

“गेलेल्या बाईच्या तोंडी खोटं घालतोस? उद्या मी सगळ्यांसमोर सांगणार.”

“सांगच तू,” म्हणत त्यानं पाटी काखेत मारली, बाहेर आला आणि कडी घातली. खेळ संपला की उघडू, असा त्याचा विचार. सख्खी बहीण, बरं का! लाज पार कोळून प्यायला होता. पाटी उशाला घेऊन खालच्या बाकावर खुशाल आडवा झाला.

दोनच्या सुमाराला जाग आली. धुराचा वास.

धावत जिना चढला. दाराच्या काचेआड अक्का. तिच्या मागे लाल उजेड. दोन्ही मुठी काचेवर आपटत होती.

आवाज नाही.

ओठ हलत होते. भराभरा.

आवाज नाही...

“अक्का! काय म्हणतेस?”

ओठ वाचणारी घरात एकच होती. ती आत होती.

कडी हलेना. ओढली. लाथा घातल्या. हलेना... त्यानं कोपरानं काच फोडली.

धूर नाही. आग नाही. खोली गार.

अक्का भिंतीला टेकून बसलेली. जिवंत. त्याच्याकडे बघून बोलायला लागली... नुसते ओठ. तो आवाज काही आजतागायत परत आलेला नाही.

आता कडी बोटानं सरकली. चिकट्या तिला धरून खाली घेऊन आला. बाकावर पाटी होती. त्याच्याच डोक्याखालची. अक्षरं नखानं खरवडलेली. ‘डू’चा उकार गेलेला. ‘नका’ गेलेलं. पुढचं सगळं गेलेलं. उरलं होतं एवढंच...

दार उघड

मालकाला ती ‘उघडा’ म्हणाली होती. हे ‘उघड’ चिकट्याला होतं.