मावशीच्या उशाशी ठेवलेलं पुस्तक

पटत नसेल तर सोडून द्या. पण माझ्या मावसभावाच्या, बार्दुरच्या मनगटावर, भाजलेल्या कातडीत, पाच बोटं उमटली आहेत. ती मी रोज बघते.

मागच्या वर्षाचा शेवटचा दिवस. आइसलँडच्या पूर्व किनाऱ्यावरचं आमचं कोळ्यांचं गाव. दुपार कलली होती आणि बाहेर मिट्ट काळोख. डिसेंबरात असाच असतो.

हाल्बेरा मावशी नाताळच्या थोडी आधी गेली. तिनं जन्मभर दोनच गोष्टी केल्या. मासे साफ केले आणि पुस्तकं वाचली. लहानपणी ती वाचत बसली आणि मेंढ्या बर्फात हरवल्या, तेव्हा बापानं पट्ट्यानं पाठ फोडली होती. दुसऱ्या दिवशी ती गोठ्यात पुस्तक घेऊन पालथी पडून वाचत होती. बसता येत नव्हतं ना!

आमच्याकडे नाताळच्या संध्याकाळी प्रत्येकाला नवीन पुस्तक मिळतं. ते घेऊनच माणसं अंथरुणात शिरतात. तिचं मी आधीच आणून कागदात बांधलं होतं. आता त्याचं काय करायचं?

नाताळच्या संध्याकाळी बार्दुरकडून किल्ली मागून घेतली आणि ते तिच्या रिकाम्या पलंगावर, उशाशी ठेवून आले.

तीच चूक झाली.

त्या दिवशी गावात वर्षअखेरची शेकोटी पेटणार होती. जुनं, मोडकं सामान सगळे तिथेच टाकतात. मावशीच्या घरात, खाली, तिचा मुलगा बार्दुर तिची पुस्तकं शेकोटीसाठी खोक्यांत कोंबत होता. त्याला घर रिकामं हवं होतं. मला पुस्तकं वाचवायची होती.

"मला तरी नेऊ दे रे."

"कुठे ठेवशील, ताई? तुझ्या घरात नवऱ्याला जागा नव्हती, म्हणून तर तो गेला!"

"तो गेला तेव्हा तीन कपाटांची सोय झाली. आता अजून कुणाला घालवू?"

आम्ही हसलो.

आणि वर, मावशीच्या खोलीत... पान उलटलं.

जरा वेळानं... पुन्हा.

वर गेलो. खिडकी बंद. खोलीत कुणी नाही.

वेष्टणाचा कागद नीट घडी करून ठेवलेला. मावशी तो कधी फाडत नसे. पुस्तक उघडं, शेवटची थोडीच पानं उरलेली.

आणि उशीला खळगा... डोक्याएवढा.

"ताई, ही थट्टा बरी नाही."

"नाताळनंतर मी कशी येणार इथे? किल्ली तुझ्याच खिशात असते ना?"

बार्दुर घाबरला की चिडतो. त्यानं पुस्तक उचललं, धाडधाड जिना उतरला आणि स्वयंपाकघरातल्या लोखंडी शेगडीचं दार उघडलं.

"मेलेली माणसं वाचत नाहीत!"

पुस्तक आत गेलं.

वारा थांबला. लाकडांची तडतड थांबली...

मग बार्दुरचा हात आत गेला.

त्यानं घातला नाही. कुणीतरी खेचला. कोपरापर्यंत.

तो गुरासारखा ओरडला. लोखंडी दार त्याच्या दंडावर आदळलं. पुन्हा. पुन्हा. हाड मोडलेलं मी ऐकलं. मांस जळल्याचा वास सुटला. मी त्याला कमरेला धरून मागे ओढलं, तर आतून असा हिसका बसला की त्याचं कपाळ शेगडीवर फुटलं.

"आई, सोड! आई गं!"

ओढण्यात अर्थ नव्हता. मी चिमट्यानं पुस्तक बाहेर काढलं, पायानं विझवलं आणि उरलेली पानं मोठ्यानं वाचायला लागले. दुसरं काही सुचलंच नाही.

दार आदळायचं थांबलं, ज्वाळाही बसल्या...

हात मात्र आतच. मी वाचत होते, तो खाली मान टाकून कण्हत होता, त्याचं रक्त माझ्या मोज्यांत झिरपत होतं. गोष्टीतली बाई वादळात, होडीत एकटी होती. मी पान उलटलं.

पुढे काहीच नव्हतं. शेवटचं पान जळून गेलं होतं.

मी थांबले. दार किंचित हललं...

मग मी शेवट मनानं रचला. त्या बाईला किनारा दिसला. दारात दिवा होता. ती घरी पोचली. आवाज कापू न देता मी म्हणाले, "समाप्त."

हात सुटला.

माझ्या कानाजवळ कुणीतरी उसासा टाकला. पुस्तक संपलं की मावशी टाकायची, तसा.

डॉक्टरांनी हात वाचवला, पण बार्दुरची मूठ वळत नाही. बोटीवर जाणं सुटलं. मावशीची पुस्तकं त्यानं मला दिली.

इथे संपायला हवं होतं.

परवा वाचनालयातली वाल्गेर्दुर भेटली. त्यांच्याकडे त्याच पुस्तकाची नवी प्रत आलीये.

"अगं, रोज मी ते कपाटात ठेवते, आणि सकाळी टेबलावर उघडं असतं. रोज थोडं पुढे सरकलेलं. इतकं मन लावून हल्ली वाचतं कोण, बाई?"

मी विचारलं, कुठवर आलंय?

"शेवटचं प्रकरण."

मला अजून ते पुस्तक उघडायचा धीर झालेला नाही. ती बाई खरंच घरी पोचते, की मी मावशीला खोटंच सांगितलं... मला माहीत नाही.