वायरीला घातलेले टाके

दुरुस्तीवालीनं कॅमेऱ्याची वायर उचलली आणि तिला हसू आवरेना. वीज आत घेणारं गोल तोंड मोडलं होतं, आणि कुणीतरी ते चक्क दोऱ्यानं शिवलं होतं. बारीक, एकसारखे टाके!

"हे कुणाचं कौतुक?"

"माझंच..." समोरचा ओशाळला. "टेलर आहे मी. हाताला दुसरं काही येत नाही."

"मग काज करून बटणही लावायचं होतंत की!"

तो हसला नाही. त्याची आई खुर्चीला खिळलेली, वाचा गेलेली. दिवसभर तो दुकानातून फोनवर तिला बघायचा. जराशी कलंडली की धावत घरी. कॅमेरा बंद पडला तसं मावशीनं बजावलं होतं— आज चालू झाला नाही, तर संध्याकाळी मी ताईला माझ्या घरी नेते.

"आई गेली तर घर खायला उठेल हो," तो म्हणाला.

दुरुस्तीवालीनं थट्टा आवरती घेतली. लोक आधी 'मालक कुठेत?' विचारायचे आणि बाईमाणूस बघून वस्तू परत पिशवीत घालायचे. यानं विचारलंच नव्हतं. वायर सरळ तिच्या हातात दिली होती. एवढ्याशा गोष्टीनं तिचं मन भरून आलं.

तिनं मोडकं तोंड छाटलं. नव्याची लाल तार लालला, काळी काळीला. वितळलेल्या कथलाचा डाख दिला, वर प्लास्टिकची नळी चढवून ती गरम करून आवळली. तो श्वास रोखून बघत होता— तारेकडे कमी, तिच्या बोटांकडे जास्त. तिला काय कळत नव्हतं?

"उजेड अडवू नका!" तिनं उगाच दटावलं.

"घरी येऊन लावून द्याल? माझा हात लागला की..."

"की शिवणारच तुम्ही. चला."

भिंतीवरच्या कॅमेऱ्यात हिरवा दिवा लागला. दुकानातून फोनवर दिसतंय का बघायला तो तिकडे पळाला. मावशी भरलेल्या बॅगेशेजारी हाताची घडी घालून बसलेली. तेवढ्यात आईनं दुरुस्तीवालीची बाही ओढली आणि फणीकडे बोट केलं. ती मुकाट्यानं म्हातारीचे केस विंचरू लागली.

"अगं बाई! मला तर हात लावू देत नाही ही," मावशी म्हणाली.

इतक्यात कॅमेराच टेलरच्या आवाजात बोलला. "दिसतंय... सगळं दिसतंय!"

मावशीनं सुस्कारा टाकला आणि बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवायला घेतले.

"ऐका ना..." कॅमेऱ्यातला आवाज अडखळला. "हे परत तुटेल का हो?"

"माझ्या हातचं? दहा वर्षं नाही!"

"मग मी... कुठल्या निमित्तानं येऊ?"

"अहो टेलर, सगळं घर ऐकतंय!"

"ऐकू दे. तुमचे आभार कसे मानू, तेच कळत नाही."

आई आवाज न करता गदागदा हसत होती. दुरुस्तीवालीचे कान तापले. वेणीचा शेवटचा पेड घालून तिनं सरळ कॅमेऱ्याच्या डोळ्यात बघितलं.

"आभार राहू द्या... उद्या या. काही मोडलेलं न आणता या."