सोबत : सहपत्र एक

एकतीस मार्चला विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची निंदणी होते. शेतातलं तण काढतात, ती निंदणी. कार्यालयांत हा शब्द जुन्या कागदांसाठी वापरत. मुदत संपलेल्या कागदांची यादी करायची आणि ते नष्ट करायचे. पुढे कागद गेले, संगणक आले, आणि कोणा शहाण्याच्या लक्षात आलं की संगणकातली नोंद पुसली तरी ती वाचलेल्या कारकुनाच्या डोक्यात एक प्रत उरतेच. विद्यार्थ्यांची आजारपणं आणि प्राध्यापकांची भांडणं चहाच्या टपरीवर पोचतात, ती तिथूनच. झालं! कायद्यात 'प्रत' या शब्दाच्या व्याख्येत माणसाचा मेंदूही घातला. लाज मात्र कुठल्याच व्याख्येत बसली नसावी.

त्या सकाळी अभिलेख कक्षातल्या इंदुमती चौगुले तणतणतच डॉ. पिंग्यांच्या खोलीत शिरल्या. पिंगे विद्यापीठाचे मेंदूतज्ज्ञ. निंदणीचं यंत्र त्यांच्याच ताब्यात.

"सर, माझी निंदणी दोन दिवस थांबवा. उद्या चौकशी समितीपुढे माझी साक्ष आहे."

"कुलसचिवांची परवानगी?"

"महिन्यापूर्वी टिपणी पाठवली, ती आज परत आली. शेरा काय, तर 'चर्चा करावी'! कोणाशी करू चर्चा? भिंतीशी?"

"बसा मॅडम. किती चिडलाय तुम्ही! हा पट्टा लावा डोक्याला. नुसती नाडी बघतो."

पट्टा लावून घेत इंदुमतीबाईंनी विचारलं, "हे पुसता तरी कसं तुम्ही?"

"आठवण म्हणजे गुळाची ढेप समजा," पिंगे समजावू लागले. "एरवी टणक. तिला कोणी काही करू शकत नाही. पण तुम्ही ती आठवलीत की पातळ होते, आणि थोड्या वेळाने पुन्हा घट्ट बसते. त्या मधल्या वेळात पट्ट्यातून बारीक स्पंदनं सोडली, की ती घट्ट होतच नाही. गेली!"

"आणि आठवलंच नाही तर?"

"तर आमचा इलाज चालत नाही." पिंगे हसले. "राग मात्र मेंदूत वेगळ्या जागी साठतो. तो तसाच राहतो. कायद्याने राग हा अभिलेख नाही, त्यामुळे अडत नाही."

मग आठवायचंच नाही, असं इंदुमतीबाईंनी मनाशी पक्कं केलं.

"पण यादीतल्या एका साध्या रजेच्या अर्जासाठी एवढा त्रागा कशाला, मॅडम?" पिंग्यांनी सहज विचारावं तसं विचारलं.

"साधा?" इंदुमतीबाईंचा तोल गेला. "रसायनशास्त्राची रेवती साळोखे! प्रयोगशाळेतली वायूची नळी गळते, डोकं भणभणतं, म्हणून तीन दिवसांची रजा मागितली पोरीने. नळीची लेखी तक्रार सोबत जोडली. 'सोबत : सहपत्र एक.' आपला नियम काय? सहपत्राचा वर्ग मूळ पत्राचा. रजेचा अर्ज 'ड' वर्गात, एक वर्ष ठेवायचा. मी, सर, या हातांनी ती तक्रार 'ड' मध्ये टाकली! चौथ्या दिवशी ती कामावर आली आणि स्फोटात गेली. आणि हे निर्लज्ज लोक समितीला सांगतात, तक्रार आलीच नव्हती! विभागप्रमुखांची निंदणी मघाशीच उरकली. ती तक्रार वाचलेली मी एकटी राहिलेय. तिच्या वडिलांना मी शब्द दिलाय, उद्या मी..."

त्या थांबल्या. कपाळाला हात लावला.

"काय सांगत होते मी?"

"काही नाही. झालं तुमचं. इथे सही करा."

'साधा?' हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला, तेव्हाच पिंग्यांनी कळ दाबली होती. असल्या माणसाला काय म्हणावं? त्याला शांत झोप लागते. दर वर्षी तोही त्याच खुर्चीत बसतो, मग लागणारच.

इंदुमतीबाई आपल्या खिडकीशी येऊन बसल्या. छातीत नुसती आग होती. शेजारच्या खिडकीवरचे कारकून एका मुलीवर खेकसत होते, पलीकडे कोणी शिपायावर ओरडत होतं. निंदणीच्या दिवशी सगळी इमारत अशीच धुमसते.

खिडकीबाहेर रेवतीचे वडील, केरबा साळोखे, उभे होते.

"ताई, उद्या किती वाजता यायचं ओ?"

"कशाला यायचं?"

"स्फोटात गेलेल्या माझ्या लेकीच्या तक्रार अर्जाचं... तुम्हीच म्हणाला हुता न्हवं, मी सांगते म्हणून?"

बाईंनी मुलीचं नाव विचारून ते संगणकात टाकून पाहिलं. पडद्यावर आलं, 'नोंद आढळत नाही.'

"तक्रार आलेलीच नाही!" त्या किंचाळल्या. "नोंद नाही म्हणजे अर्ज नाही! कोणीही उठतं आणि विद्यापीठावर आळ घेतं! मेलेल्या पोरीच्या नावाने खोटं बोलताना लाज वाटत नाही?"

उभ्या आयुष्यात त्यांना इतका संताप आला नव्हता. तो कोणाचा आलाय, ते त्यांना आठवेना. समोर केरबा होते.

केरबांनी डोक्यावरची टोपी काढली.

"चुकलं ताई," ते म्हणाले.