दुसऱ्यांदा दिलेलं दूध

"सिलिंडरबुवा, राणीसाहेब कामावरून आल्यात. त्यांना म्हणावं, बाळाच्या गालावरची चिकटपट्टी आत्ताच बदललीय, पुन्हा ओरबाडू नका," थोरली जाऊ बाळाच्या उशाशी ठेवलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे बघत म्हणाली. तिच्यापासून दोन हातांवर उभ्या असलेल्या धाकटीनं त्याच सिलिंडरला ऐकवलं, की ज्यांना स्वतःचा उद्योग नाही त्यांनी दुसऱ्याच्या लेकराच्या गालांची उठाठेव करू नये.

लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथं लोखंडी नळकांडं बोलणी खात होतं! त्या घरातला अबोला असा जाडजूड, की पालसुद्धा मधली भिंत ओलांडताना श्वास धरून जाई आणि चुलीवरचं दूध दोघींची तोंडं बघून मगच वर येई. खोटं वाटत असेल तर सासऱ्यांना विचारा... त्यांचे अर्धे केस दोघींचे निरोप पोचवण्यात गेले, उरलेले ते निरोप सौम्य करण्यात!

कारण होतं धाकटीचं बाळ. जन्मतःच काळजाला भोक, अन्ननलिका अर्धवट. शस्त्रक्रियेनंतरही त्याला गिळता येईना. नाकातून पोटात गेलेली, गालावर चिकटपट्टीनं बसवलेली बारीक नळी, तिच्या तोंडाला लावलेली मोठी सिरिंज, ती उंच धरायची आणि दूध आपल्या वजनानं हळूहळू उतरू द्यायचं... हेच त्याचं जेवण. धाकटी चष्म्याच्या दुकानात नोकरीला, तिचा नवरा छापखान्यात. म्हणून थोरलीनं बेकरीतलं चांगलं काम सोडलं आणि दिवसभर ती नळी उराशी धरली. तिचा स्वतःचा नवरा बोटीवर स्वयंपाकी, वर्षातून एकदा घरी येणारा. त्या रित्या उरात बाळ केव्हा शिरलं, तिचं तिलाही कळलं नाही!

आणि एका दुपारी बाळ हसलं. आयुष्यात पहिल्यांदा! चिकटपट्टी लावणाऱ्या थोरलीकडे बघून हसलं. त्या वेडीनं तो आनंद पोटात ठेवायचा की नाही? तिनं घरभर, जिनाभर, गल्लीभर दवंडी पिटली. कामावरून येणाऱ्या आईला ही बातमी कुणाकडून कळावी, तर इस्त्रीवाल्याकडून! त्या दिवसापासून धाकटीचं तोंड बंद झालं.

आता मात्र धाकटीनं आणखी एक पाऊल टाकलं. सासऱ्यांमार्फत तिचा हुकूम आला, की यापुढे सिलिंडरशीही बोलायचं नाही, डोकं उठतं. थोरलीच्या जिव्हारी लागलं. बाळाला दूध नुकतंच पाजून झालं होतं, सिरिंज धुऊन, पुसून पालथी घातली होती. एवढंच सांगायचं राहिलं होतं. सांगू?... कुणाला सांगू? भिंतीला? नाहीच सांगत जा! ओले कपडे काखोटीला मारून ती गच्चीवर निघून गेली.

पालथी, कोरडी सिरिंज धाकटीनं पाहिली. कामचुकार बाई, पोर उपाशी ठेवलं, असं पुटपुटत तिनं दूध कोमट केलं. द्यायच्या आधी नळीतून थोडं ओढून पोट रिकामं आहे का ते पाहायचं असतं. पण रागाला कुठली रीत? तिनं सिरिंज भरली, उंच धरली...

सासऱ्यांची हाक ऐकून थोरली धावत खाली आली, तेव्हा बाळाच्या नाकातोंडातून दूध येत होतं आणि ओठ जांभळे पडले होते. तिनं त्याला कुशीवर वळवलं, सिलिंडरशेजारच्या शोषण-यंत्राची नळी तोंडात घालून दूध ओढलं. धाकटी हात पुढे करी, पण ते हात असे थरथरत की जणू दुसऱ्याच कुणाचे!

रुग्णालयात बाळाचा श्वास सावरला. डॉक्टर म्हणाले, पोटात दुप्पट दूध गेलं, थोडक्यात वाचलं. धाकटीचा नवरा पांढराफटक पडून बायकोकडे वळला. ही नळी तुझ्याच्यानं जमायची नाही, असं तो तिला पहिल्यापासून ऐकवत आला होता. थोरलीनं ते थरथरणारे हात पाहिले. आज या आईवर ठपका आला, तर ती जन्मात पुन्हा लेकराला दूध द्यायला धजायची नाही...

"मी दिलं, भावजी," ती म्हणाली. "दोन्ही वेळा मीच. विसरले."

"मग वहिनी, आजपासून त्याला हात लावायचा नाही."

धाकटी गप्पच राहिली. अहाहा, काय तो सरावलेला अबोला!

बाळ घरी आलं, त्याच दुपारी थोरली माहेरी जायला ट्रंक भरू लागली. डोळ्यांतलं पाणी साड्यांच्या घड्यांत मुरत होतं. एवढ्यात धाकटी नवऱ्याचं मनगट धरून त्याला थोरलीच्या खोलीत ओढत घेऊन आली.

"दुसऱ्यांदा दूध मी दिलं होतं," ती त्याला म्हणाली. "पोट न तपासता दिलं. हिनं नाही." मग कित्येक महिन्यांनी ती सरळ थोरलीच्या तोंडाकडे बघून बोलली, आणि काय बोलली! "माझ्या पोराचं पहिलं हसू नेलंत. आता माझी चूकही नेताय? ती तरी माझी मला राहू द्या, जाऊबाई. आई आहे मी त्याची."

थोरलीनं हातातली साडी खाली ठेवली. तिला वाटलं होतं, आपण केवढा त्याग केला... आणि इथं तर पुन्हा चोरीच झाली होती!

"मी गच्चीवर गेले ती तुझ्यावरच्या रागानं," ती अखेर म्हणाली. "सांगायला हवं होतं. तोंड होतं मला."

"मलाही होतं. विचारलं नाही मी."

"मग आता काय, आरती ओवाळू तुझी?"

"नको. आधी ती ट्रंक रिकामी करा. वाटेत येतेय."

नवरा काहीतरी बोलायला गेला, तर दोघींनी एकदमच त्याला गप्प बसवलं.

बाळाच्या दुधाची वेळ झाली. धाकटीनं सिरिंज हातात घेतली. थोरली बाजूला उभी राहिली, पण तिनं सिरिंजला हात लावला नाही.

"जाऊबाई, मघाशी दिलं नाहीत ना?"

"नाही दिलं. तरी ओढून बघ. माझ्यावर कसला विश्वास ठेवतेस?"

"ठेवतच नाही."

धाकटीनं ओढून पाहिलं. पोट रिकामं होतं. सिरिंज वर गेली, दूध नळीतून हळूहळू उतरू लागलं, आणि ते संपेपर्यंत दोघी एकमेकींना मनसोक्त बोल लावत राहिल्या.